दुसरा प्लग

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी सकाळ साडेसातला ॲनिमल हाउसमध्ये उजाडायची. उंदरीण जाळीवर ठेवायची, शेपटी उचलायची आणि प्लग बघायचा. रात्री संग झाला असेल तर योनीच्या तोंडाशी मेणासारखा पांढुरका गोळा दिसतो. दुपारपर्यंत तो विरघळतो, गळून पडतो, म्हणून एवढी घाई.

प्लग दिसला तो पहिला दिवस. चौथ्या रात्री गर्भ रुजायला लागतो. पाचव्या सकाळी शेपटीच्या शिरेतून निळा रंग दिला, की रुजलेल्या जागी केशवाहिन्यांतून तो झिरपतो आणि गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांवर निळे पट्टे उमटतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोऱ्यात ओवलेले मणीच वाटले होते.

त्या पावसाळ्यात मात्र मणी दिसेनात. तेही साध्या कंट्रोल गटात! जनरेटरचा आवाज, दिव्यांचा टायमर, सगळं तपासलं. पिंजरे धुणाऱ्या काकांच्या नव्या साबणाला उग्र वास होता. तो डबाही मी कपाटात बंद केला. काका काही बोलले नाहीत.

एका पाचव्या सकाळी रंग द्यायला उंदरीण उचलली, तर तिला ताजा प्लग. कानावरची खूण दोनदा पाहिली. तीच. मी आनंदाने सीनियर ताईंना सांगितलं, "पहिला प्लग फसवाच होता!"

त्यांनी एवढंच विचारलं, "मधले चार दिवस ही कोणाबरोबर होती?"

पुसट प्लगवर माझा विश्वास नसायचा. अशा माद्या मी संध्याकाळी दुसऱ्या नराकडे सोडायचे. आमचे पांढरे थकलेले, म्हणून शेजारच्या खोलीतल्या काळ्याकडे. पहिला खरा नसेल तर दुसरा प्लग तरी मिळेल, हा माझा हिशेब.

लंडनच्या मिल हिलमध्ये हिल्डा ब्रूस यांनी हे १९५९ मध्येच दाखवलं होतं. गर्भ रुजण्याआधी परक्या नराचा, त्याच्या मुताचा वास आला, की मादीचं प्रोलॅक्टिन घसरतं, पीतपिंड प्रोजेस्टेरॉन बनवणं थांबवतात, गर्भ रुजत नाही आणि काही दिवसांत ती पुन्हा माजावर येते. परीक्षेला मी 'ब्रूस इफेक्ट'वर टीप लिहिली होती. बरे मार्कही पडले होते.

पुढच्या खेपेला प्लग दिसल्याबरोबर माद्या नर नसलेल्या खोलीत हलवल्या. पुसट प्लगवाल्यासुद्धा. पाचव्या सकाळी पहिलीच्या उजव्या शिंगात पाच पट्टे, डावीकडे चार.

कपाट उघडून साबणाचा डबा काकांना नेऊन दिला. त्यांनी झाकण काढून वास घेतला आणि म्हणाले, "अर्धा वाळला की हो, मॅडम."