रवा, पंखा आणि दक्षिण गंगोत्री

मुलांना घरात बसवून दूरचा देश दाखवण्याच्या खटाटोपाविषयी माझं मत पक्कं होतं, आणि ते चांगलं नव्हतं. कापसाचे पेंग्विन, निळ्या पुठ्ठ्याचा समुद्र, थर्माकोलचे हिमनग. हा सगळा आईबापांनी स्वतःच्या समाधानासाठी मांडलेला पसारा, दोन दिवसांत केरात जाणारा. शेजारच्या सुनेला, शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षिकांना आणि सगळ्यात जास्त माझ्या लेकीला मी हे ऐकवायची. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई बोलतेय म्हटल्यावर कुणी वाद घालत नसे. मी ते पटल्याची खूण मानत असे.

मे महिन्यात लेक दोन्ही मुलांना घेऊन पुण्याहून नागपूरला आली. इथे त्या दिवसांत सकाळी दहानंतर पोरांना अंगणातही सोडता येत नाही. कूलरसमोर बसून नातू आणि नात एकमेकांच्या झिंज्या उपटायला लागली, तेव्हा लेकीने जाहीर केलं, या सुट्टीत आपण अंटार्क्टिकाला जाणार. मी म्हटलं, "आधी बाजारातून बर्फ आण." यात थट्टा कमी आणि टोमणा जास्त होता.

पहिल्याच दिवशी तिने छापून आणलेल्या चित्रांत पेंग्विनच्या शेजारी पांढरं अस्वल निघालं. ध्रुवीय अस्वलं उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला. निसर्गात त्यांची गाठ पडूच शकत नाही. मला आनंद झाला. स्वतःच्या लेकीची चूक सापडल्याचा आनंद, तोही नातवंडांदेखत. तिने शांतपणे अस्वल कापून वेगळं केलं आणि धाकटीला म्हणाली, "हे चुकून इकडे आलंय, त्याला घरी पोचव." फ्रिजचा माथा उत्तर ध्रुव ठरला. स्टुलावर चढून अस्वल तिथे पोचवलं गेलं, आणि पुढे कुणी भाजी काढायला फ्रिज उघडला की "विषुववृत्त ओलांडू नका" अशी ओरड व्हायला लागली. मी हसले नाही. हसू आलं होतं.

मग पेंग्विनची अंडी आली. एम्परर पेंग्विनची मादी याच सुमारास, मे-जूनच्या ऐन अंधाऱ्या हिवाळ्यात, एकच अंडं घालते, ते नराच्या स्वाधीन करते आणि समुद्राकडे निघून जाते. नर ते पायांवर तोलून, पोटाच्या घडीखाली झाकून जवळजवळ दोन महिने उपाशी उभा राहतो. लेकीने मोज्यांत तांदूळ भरून त्यांची अंडी केली, आणि दोघं नवतप्याच्या तोंडावर स्वेटर घालून, घामाने निथळत, पायांवर मोजे तोलत दिवाणखान्यात फेऱ्या मारू लागली. मी आतून बघत होते. म्हटलं, चालू दे खेळ. भूगोलाशी याचा काय संबंध?

तो संबंध दाखवून देण्याचा अधिकार अर्थातच माझा होता. संध्याकाळी मी दोघांना समोर बसवलं. खंडाचं क्षेत्रफळ सुमारे 1 कोटी 40 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून जास्त. 98 टक्के भाग बर्फाखाली, त्याची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. तिथल्या व्होस्टोक केंद्रावर 21 जुलै 1983 रोजी नोंदलेलं तापमान उणे 89.2 अंश. शेवटी माझ्या ठेवणीतला मुद्दा: 1983 च्या डिसेंबरात निघालेल्या भारताच्या तिसऱ्या मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासोबत आपल्या नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया याच दोघी.

धाकटीने विचारलं, "आजी, मग त्या शू करायला कुठे जायच्या?"

मी तिला गप्प केलं. माद्रिदला 1991 साली पर्यावरणाचा जो करार झाला, त्यात अंटार्क्टिकावर माणसाने केलेल्या घाणीची विल्हेवाट कशी लावायची याचं अख्खं परिशिष्ट आहे. ते मला ठाऊक होतं. मुलीचा प्रश्न थेट तिथेच जाऊन भिडला होता आणि मला तो वात्रट वाटला. वर्गात असे किती प्रश्न मी मुकाट खाली बसवले असतील, याचा हिशेब मी आता करत नाही. धीर होत नाही.

माझ्या मताला तडा गेला तो पुढच्या एका दुपारी. साबणाच्या खोक्यांची भारतीय केंद्रं तयार झाली होती. माहिती सांगण्याचं काम माझ्याकडेच, म्हणून मी माझ्या जुन्या टिपणवहीतून वाचून दाखवलं: पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्री, 1983-84 मध्ये समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फावर उभारलं. ते बर्फाखाली गाडलं गेल्यामुळे सोडून द्यावं लागलं. म्हणून दुसरं केंद्र, मैत्री, 1989 मध्ये शिरमाखर या खडकाळ, बर्फ नसलेल्या भागात बांधलं. नातू जरा वेळ खोक्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण तू परवा सांगितलंस तिथे वाळवंट आहे. पाऊस-बर्फ फार कमी पडतो. मग घर गाडलं कसं?"

मी वहीत बघितलं. दोन्ही वाक्यं एकाच पानावर होती. वर, "अंटार्क्टिका हे जगातील सर्वांत मोठे थंड वाळवंट आहे." खंडाच्या आतल्या भागात वर्षाला वितळवून जेमतेम पाच सेंटीमीटर पाणी होईल एवढाच बर्फ पडतो, हेही कंसात लिहिलेलं. किनाऱ्याकडे त्याहून जास्त पडतो, पण नागपूरच्या पावसाशी त्याचीही तुलना नाही. आणि चार ओळी खाली, "बर्फाखाली गाडले गेल्यामुळे." ही दोन वाक्यं मी फळ्यावर वर्षानुवर्षं एकाखाली एक लिहिली. एकावर 'भौगोलिक कारणे द्या', दुसऱ्यावर 'टीप लिहा'. ती एकमेकींशी भांडतात हे मला कधी दिसलंच नव्हतं. वर्गातल्या कुणाला दिसलं असेल, तर त्याने विचारलं नाही. का विचारलं नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

"अरे, थोडा थोडा पडत साठत जातो," मी म्हटलं. ते खोटं नाही, पण उत्तर पुरं नव्हतं, आणि पोराच्या तोंडावर ते दिसत होतं. मी लेकीकडे बघितलं. तिला उत्तर येत होतं की नाही, मी अजून विचारलेलं नाही. तिने टाकायला काढलेला जुना रवा आणला, फरशीच्या एका टोकाला त्याचा ढीग केला, दुसऱ्या टोकाला खोकं ठेवलं आणि टेबलफॅन लावला.

रवा उडाला नाही, सरपटत निघाला. फरशीलगत, पातळ, वळवळत. खोक्यापाशी पोचेपर्यंत कुठेच थांबला नाही. तिथे मात्र वारा फुटला, खोक्याच्या पाठीमागे जोर मेला आणि रवा बसायला लागला. आधी रेघ, मग उतरण, मग ढीग. वरून एक कणही पडत नव्हता आणि खोकं बुडत चाललं होतं. नातू ओरडला, "पडत नाहीये! येतोय!"

मी गुडघे दुखतात म्हणून कधी खाली बसत नाही. त्या दिवशी बसले.

मग मला बोलता आलं. खंडाचा मधला भाग उंच पठार आहे, दक्षिण ध्रुवच समुद्रसपाटीपासून 2,800 मीटरहून उंच. तिथली हवा गारठून जड होते आणि उतारावरून किनाऱ्याकडे कोसळते. अशा वाऱ्यांना कॅटाबॅटिक वारे म्हणतात. ते पडलेला बर्फ उचलून आणतात. आलेला बर्फ वितळत नाही, आणि आडवं जे येईल त्याच्या आडोशाला साचतो. हे सगळं मी यापूर्वीही सांगितलं होतं, पण कुणाला हवं होतं म्हणून कधीच नाही.

धाकटीने तोवर खोकं झटकून दोऱ्याच्या चार रिकाम्या रिळांवर ठेवलं होतं. रवा खालून निघून गेला. मैत्री खांबांवर उभं आहे, 2012 मध्ये सुरू झालेलं भारती हे केंद्रही. फोटो मी शेकडो वेळा दाखवला असेन. जमीन ओबडधोबड म्हणून खांब, इतकाच मी त्याचा अर्थ लावला होता. ब्रिटिशांची हॅली नावाची पहिली चार केंद्रं एकामागून एक बर्फात गेली, आता त्यांचं केंद्र पायांवर उभं असतं आणि त्या पायांना स्की आहेत, हे मी त्या रात्री शोधून वाचलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, कुणाला शिकवायचं नसताना.

माझा विरोध नेमका कशाला होता, हे तेव्हापासून मनात घोळतंय. वर्गात साठ-पासष्ट मुलं, खिळ्याला टांगलेला एक नकाशा, पस्तीस मिनिटांचा तास. रवा आणि पंखा मला शक्यच नव्हता. जे जमत नव्हतं ते मी निरुपयोगी ठरवलं आणि पुढे त्याचं तत्त्व केलं. वर दिमाख असा की मी खरा भूगोल शिकवते. अंटार्क्टिका सोडा, मी ज्यांचे नकाशे काढले त्यातले बहुतेक देश पाहिलेले नाहीत. माझा खडूचा खंड लेकीच्या पुठ्ठ्याच्या खंडापेक्षा अधिक खरा कशावरून?

तरी सगळंच पटलेलं नाही. मुलांनी कापसाचा इग्लू केला होता, तो मी मोडायला लावला. इग्लू उत्तरेकडच्या इन्यूइट लोकांचा. अंटार्क्टिकावर मूळ रहिवासी कधी नव्हतेच. अदिती पंतांना समुद्राकडे वळवलं ते ॲलिस्टर हार्डी यांच्या 'द ओपन सी' या पुस्तकाने, कुठल्या चिकटकामाने नव्हे, हा माझा मुद्दाही लेकीला अजून खोडता आलेला नाही. ती म्हणते, तो खोडायला कशाला हवा?

दिवाळीत सहारा करायचं ठरलंय. वाळूच्या टेकड्या सरकतात कशा, ते दाखवायला मी आत्तापासून बारीक रेती चाळून ठेवतेय, टेबलफॅनची पाती पुसून घेतलीत. परवा फोनवर लेकीने एकच अट घातली, "आई, आधीच सगळं सांगून टाकायचं नाही." मी हो म्हटलंय. जमेल असं वाटत नाही.