दुहेरी कुलूप

शासकीय सेवेची ३२ वर्षे कोषालयात काढलेल्या माणसाचा किल्ल्यांशी फार जवळचा संबंध येतो. कोषालयाच्या भक्कम खोलीला एक कुलूप नसते, दोन असतात. एकाची किल्ली कोषालय अधिकाऱ्याकडे, दुसऱ्याची खजिनदाराकडे. दोघे हजर असल्याखेरीज दार उघडत नाही. बदली झाली की किल्ल्यांची देवघेव कागदावर होते, सह्या होतात, आणि किल्ल्यांचा दुसरा जोड मोहोरबंद होऊन अन्यत्र ठेवलेला असतो. नव्याने रुजू झालेल्यास हा निव्वळ सोपस्कार वाटतो. माणूस आजारी पडतो, प्रवासास जातो, क्वचित परतच येत नाही, हे गृहीत धरून कोणीतरी ही व्यवस्था आखली आहे, हे उमगायला काही वर्षे जावी लागतात.

निवृत्तीनंतर इंदुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यालयात मी बसू लागलो, तेव्हा तेथे एक संगणक आणि त्याला जाळ्याने जोडलेली एक साठवणपेटी होती. पेटीत सामायिक फोल्डर : मंडळाच्या जुन्या अंकांची स्कॅन केलेली पाने, सभासदांची यादी, हिशेब, आणि आता हयात नसलेल्या कित्येक वक्त्यांच्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे. ही सारी उभारणी आमच्या कार्यवाहांची. त्यांनी पेटीवर स्वतःच्या नावाचे खाते उघडले, परवलीचा शब्द ठरवला, आणि संगणकावर तो प्रथम देताना खालच्या चौकोनात खूण केली. ‘रिमेम्बर माय क्रेडेन्शियल्स’ असे त्या चौकोनापुढे लिहिलेले असते. खूण केली की विंडोज नाव आणि शब्द दोन्ही ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ नामक आपल्या तिजोरीत ठेवते, आणि पुढे दर वेळी स्वतःच दाराशी जाऊन ते सांगते. बसणाऱ्याला काही विचारले जात नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात कार्यवाह गेले. त्यानंतर सात-आठ महिने कोणाच्या काहीच लक्षात आले नाही, कारण अडले काहीच नव्हते. संगणक रोज सकाळी त्यांचे नाव सांगत होता आणि पेटी दार उघडत होती. मंडळाने दुसरा संगणक घेतला, तेव्हा त्याने परवलीचा शब्द विचारला, आणि तो आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हता. त्यांच्या कन्येने घरच्या डायऱ्या चाळल्या. एका उत्साही तरुण सभासदाने जुन्या संगणकातली ती तिजोरी उघडून दाखवली. नाव स्पष्ट दिसत होते, शब्दाच्या जागी नुसते ठिपके. संकेतस्थळांचे शब्द तेथे ओळख पटवून पाहता येतात. जाळ्यावरच्या फोल्डरचे मात्र दाखवले जात नाहीत.

त्यातच संगणक चालवणारी मुलगी नोकरी सोडून पुण्यास गेली. तिचा लॉगिनचा शब्द कोणाजवळ नव्हता. तेव्हा प्रशासकाच्या खात्यातून नवा लावून मोकळे होऊ, असा प्रस्ताव आला. तसे करू जाता पडद्यावर एक सूचना झळकली. सरकारी नोकरीने मला एक सवय लावली आहे, बारीक अक्षर वाचण्याची. जाळ्यावरच्या जागांचे जतन केलेले शब्द त्यामुळे नष्ट होतील, असा तिचा आशय होता. कारण उघड आहे. ती तिजोरी ज्या किल्लीने बंद होते, ती लॉगिनच्या शब्दापासूनच घडवलेली असते. मालकाने जुना शब्द देऊन नवा लावला तर किल्ली रीतसर बदलते. परक्याने बळजबरीने बदलला तर तिजोरी बंदच राहते. चोरासाठी केलेली तजवीज आहे ती, आणि योग्यच आहे. मुलीला फोन केला. तिने अर्ध्या मिनिटात शब्द सांगितला. आधी सारा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला, त्याला पूर्ण संध्याकाळ लागली. मगच पेटीचे प्रशासकीय खाते मूळपदावर आणण्यास आम्ही धजलो.

संगणकात परवलीचा शब्द आला तो १९६१ च्या सुमारास, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत, फर्नांडो कोर्बातो यांच्या प्रणालीत. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, म्हणून प्रत्येकाचे कागद वेगळे राखायचे होते. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या तरुण संशोधकाने यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या शब्दांची यादीच छापून घेतली! कुलूप आणि कुलूप उघडणारा यांच्या वयात फारसे अंतर नाही.

सभेत एकाने सुचवले, परवलीचा शब्दच नको, फोल्डर सर्वांना मोकळा ठेवू. हे मला पटले नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक ओलीस धरले, ते फायली सामायिक करण्याच्या जुन्या पद्धतीतल्या दोषातून. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीत तर बिनशब्दाच्या पाहुण्याला मुळातच वाट बंद केलेली आहे. शब्द जतन करण्याच्या मी विरुद्ध नाही. स्वतःच्या घरच्या संगणकावर तो खुशाल करावा. ज्या खुर्चीवर दिवसभरात पाच जण बसतात, तेथे मात्र केलेली खूण म्हणजे दारातच ठेवलेली किल्ली.

आता पेटीवर तीन वेगळी खाती आहेत. बहुतेकांना केवळ वाचण्याची मुभा, पुसण्याची दोघांनाच. प्रशासकीय शब्दाचे दोन तुकडे केले. एक अध्यक्षांनी ठरवला, दुसरा खजिनदारांनी, आणि दोन पाकिटे वेगवेगळ्या कपाटांत गेली. फोल्डरची प्रत असलेली डिस्क बँकेच्या लॉकरमध्ये आहे. कार्यवाहांच्या नावाचे खाते काढावे की नाही, यावर सभेचा अर्धा तास गेला. शेवटी ते निष्क्रिय केले, पुसले नाही. खजिनदारांना पाकिटांवर लाखेची मोहोर हवी होती. लाख मी सियागंजातून आणून दिली.