टाचणीखालची चिठ्ठी

परभणीच्या कृषी विद्यापीठातील कीटकसंग्रहात मी नेमके काय करतो, असे ताडकळसला आमच्या घरी कुणी विचारले की 'मेलेले किडे टाचणीला लावतो' एवढेच सांगून मी वेळ मारून नेत असे, आणि जिचा सारा जन्म बळदातल्या ज्वारीला कीड लागू नये या खटाटोपात गेला, ती आजी त्यावर म्हणे, "आम्ही हाकलायचं अन् तू जपायचं, हा कोणता न्याय रे लेका?"

टाचणी लावणे ही कला खरी, पण ती हाताला लवकर येते. भुंगेऱ्याच्या उजव्या पंखकवचातून ती घालावयाची, पतंगाच्या मात्र वक्षाच्या नेमक्या मध्यातून. उजवीकडेच का, तर देहाच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे एक बिघडली तरी दुसरी साक्षीला शाबूत राहते. ज्याला वर्षे लागतात ते चिठ्ठी लिहिणे. नखाएवढ्या कागदावर मौजे, तालुका, जिल्हा, तारीख, कोणत्या पिकावर आणि कोणी धरला, इतका तपशील महसुली दप्तराच्या काटेकोरपणाने बसवावा लागतो. तो नसेल तर कितीही देखणा नमुना बेवारसच.

नवखा असताना मी एक अपराध केला. पिवळ्या पडलेल्या काही चिठ्ठ्या मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढल्या आणि जुन्या टाकून दिल्या. उतरवताना एकीच्या कोपऱ्यातले 'रात्री, दिव्यापाशी' हे शब्द मला फालतू वाटले म्हणून गाळले. पतंग पिकावर बसलेला सापडला की कुठून तरी उडत येऊन दिव्यावर झेपावला, हा भेद त्या दोन शब्दांत होता, हे ध्यानात आले तेव्हा केराची टोपली केव्हाच रिकामी झाली होती. तेव्हापासून जुन्या चिठ्ठीला हात लावावयाचा नाही, दुरुस्ती करावयाची तर नवी चिठ्ठी तिच्या खाली टोचावयाची, हा शिरस्ता मी कसोशीने पाळतो. त्यामुळे १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तरी कळमनुरीचा जुना किडा आपल्या टाचणीवर 'जिल्हा परभणी' येथेच नांदतो. आणि १९६५ साली कीटकशास्त्रज्ञ हार्डविकने घाटेअळीला 'हेलिओथिस'मधून काढून 'हेलिकोव्हर्पा' या नव्या प्रजातीत घातले, तरी पहिल्या नावाची चिठ्ठी दुसऱ्या नावाच्या डोक्यावर वडिलकीने बसलेली असते.

संग्रहात जे नाही त्याचेही मोल असते. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात उतरली. डोक्यावर उलटा 'वाय' आणि शेपटाकडच्या आठव्या वलयावर चौकोनात मांडलेले चार ठिपके असलेली ती अळी मक्याच्या पोंग्यातून काढून शेतकरी आणू लागले, तेव्हा मी जुन्या पेट्या आणि अळ्यांच्या अल्कोहोलच्या बाटल्या एकेक करून पाहिल्या. तिचे भाऊबंद पुष्कळ निघाले, ती स्वतः कुठेही नव्हती. ती नवागत आहे, याला तो एक पुरावाच होता.

या साऱ्या बंदोबस्ताला खरा शत्रू एकच, आणि तोही किडाच. आजीच्या गव्हातल्या खापरा भुंगेऱ्याच्या कुळातली ती केसाळ अळी वाळलेल्या किड्यांवर पोसते. डांबरगोळ्यांनी ती बिचकते, मरत नाही, मारावयाची तर पेटीच शीतपेटीत गोठवावी लागते. गेल्या पावसाळ्यानंतर एक पेटी उघडली तो तळाशी तपकिरी भुकटी पडलेली, टाचणी ताठ उभी, किडा नाहीसा, आणि खाली चिठ्ठी जशीच्या तशी: मौजे ताडकळस, ज्वारी. सहकारी म्हणाला, "आता हे काढून टाकू या, साहेब." मी त्या चिठ्ठीखाली आणखी एक टोचली, 'नमुना किडीने खाल्ला' असे लिहून त्या दिवसाची तारीख घातली, आणि पेटी गोठवावयास पाठवली.