आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत

दसरा जवळ आला की नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वरात चुन्याचा ओला वास दरवळू लागतो. एके काळचे हे शेतीवाडीचे खेडे आता शहरात मिसळून गेले आहे. तरी जुन्या वस्तीत मातीच्या भिंतींची व सागवानी कवाडांची काही घरे अजून उभी आहेत. पावसाळ्यात त्यांच्या भिंतींवर ओघळ उठतात, चौकटींचा रंग पोपडे धरतो आणि मग घरोघरून रंगाऱ्याला बोलावणे जाते.

तेथल्याच एका म्हाताऱ्या रंगाऱ्याची ही हकीकत. त्याचा डावा डोळा तरुणपणीच अधू झाला होता. आढ्याला पोतारा देत असता चुन्याचा थेंब डोळ्यात पडला, आणि शिडी उतरून पाणी शोधीपर्यंत व्हावयाचे ते होऊन गेले. तेव्हापासून शिडीच्या पायथ्याशी स्वच्छ पाण्याची कळशी ठेवल्यावाचून त्याने कुंचल्याला हात लावला नाही.

चुना दिसतो शांत, पण आहे मोठा तापट! वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांतून निघालेला कळीचा चुना पाण्यात टाकला की खदखदू लागतो. रात्रभर विरवून, फडक्याने गाळून, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ घालतात. भिंतीवर तो आधी पाण्यासारखा दिसतो. वाळता वाळता हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पांढरा होतो, म्हणजे ज्या दगडापासून तो भाजला, त्याच जातीच्या दगडाचा पातळ पापुद्रा भिंतीवर तयार होतो.

“आढ्यापासून निघावे आणि उंबऱ्याशी थांबावे,” असे म्हातारा म्हणे. थेंब खालीच पडावयाचे. म्हणून आधी छत, मग भिंती, मग खिडक्या व दारे. मात्र यात एक खोच होती. लाकूड खरवडणे, भेगांत लांबी भरणे, काचकागदाने घासणे आणि अस्तराचा हात देणे ही कामे तो भिंतींच्याही आधी उरकी. नाहीतर घासलेली भुकटी ओल्या भिंतीवर बसते. लाकडाचा शेवटचा हात तेवढा भिंती वाळल्यावर. जुना रंग तो कागद ओला करूनच घाशी, आणि ते योग्यच होते. जुन्या तैलरंगांत शिसे असे, आणि त्याची धूळ पोटात जाणे लहान मुलांना फार घातक. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात दहा लाख भागांत ९० भाग एवढी मर्यादा आली ती २०१७ साली.

असा क्रम काही नवा नव्हे. अजिंठ्याच्या कारागिरांनीही खडकावर आधी तूस मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर आणि मगच रंग दिला. लोक रंगाची छटा निवडण्यात चार दिवस घालवतात. त्याखाली काय आहे, हे कोणी विचारीत नाही.

म्हाताऱ्याच्या हाताखाली त्याचा भाचा काम शिकत होता. एका घरी दसऱ्याच्याच दिवशी मुलीचे साक्षगंध ठरले. मामाचे गुडघे धरले होते, म्हणून पुढची खोली भाच्याने एकट्याने अंगावर घेतली. तैलरंग वाळावयास वेळ लागतो, तेव्हा दार आधी रंगवावे, असे त्याने ठरविले. विचार अगदीच वेडगळ नव्हता. आजकालच्या पाण्यात कालवायच्या रंगांत काही कारागीर तसे करतातही. तो थेंब ओल्या फडक्याने पुसून निघतो. पण येथे भिंतीला चुना होता. दुसऱ्या दिवशी हिरव्याकंच दारावर पांढरे शिंतोडे उडाले. घाबरून त्याने ते खसाखसा पुसले. चुन्याचा क्षार तैलरंगातील तेलाला खातो. दाराची तकाकी गेली आणि चट्टे तेवढे राहिले.

साक्षगंधाला एकच दिवस उरला होता. भाच्याने मान खाली घालून सारे सांगितले. “मामा, माझी मजुरी देऊ नका.”

“मजुरीचे मागाहून पाहू. डोळ्यात तर काही गेले नाही ना?” म्हाताऱ्याने विचारले, आणि काठी टेकीत तो निघाला. दोघांनी संध्याकाळपर्यंत दार घासले, पुसले, आणि कंदील जवळ घेऊन रात्री नवा हात दिला. रंग उत्तम उतरला. पण सकाळपर्यंत तो वाळणे शक्य नव्हते.

दसऱ्याला पाहुणे आले ते परसदारातून. घरधनीण आधी कष्टी झाली, मग हसली. भाचा मात्र दिवसभर पुढच्या दाराशी, कोणाचा हात लागू नये म्हणून, राखण करीत उभा होता.