हळदीचं पहिलं वर्ष

आमच्या वावरात आजवर जे पेरलं ते पिशवीतून आलं. कपाशीची पाकिटं, सोयाबीनच्या बॅगा. हळदीचं बेणं मात्र ट्रॉली भरून आलं. एकरी दहा क्विंटल बेणं लागतं हे मी ऐकून होतो. पण मातकट गड्ड्यांचा तो ढीग धुऱ्याजवळ उतरला, आणि एवढा माल परत मातीतच पुरायचा, या विचाराने माझं डोकं चालेना.

आमच्या ढाणकीकडे, विदर्भाच्या या टोकाला, पऱ्हाटी (कपाशी), सोयाबीन, तूर ही नेहमीची पिकं. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. तिकडे वसमत आणि हिंगोली ही हळदीची मोठी ठिकाणं, आणि ते पीक आता आमच्या उमरखेड तालुक्यातही चांगलं रुजलं आहे. विहिरीला पाणी असलं की माणूस हळदीचा विचार करतोच. मीही केला. ज्यांच्याकडून बेणं घेतलं त्या शेजारच्या काकांना मी पहिल्या दिवसापासून प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

मे महिन्याच्या शेवटी गादीवाफ्यावर लागवड झाली, ठिबक सुरू झालं आणि मग काहीच दिसेना. कपाशी आठवड्याभरात वर येते. इथे पंधरवडा उलटला तरी वाफे तसेच काळे. काकांनी एका जागची माती बोटांनी अलगद बाजूला केली. गड्ड्याच्या डोळ्यातून पांढरट, टोकदार कोंब निघाला होता आणि त्याच्या बुडाशी केसासारख्या मुळ्या सुटल्या होत्या. "हळदीचं सगळं खालीच चालते रे बाप्पा. तुले दिसलं नाही म्हणून ते थांबलं नाही," काका म्हणाले आणि माती होती तशी सारखी केली.

पावसाळ्यात हेच पुन्हा पुन्हा समोर आलं. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि पाणी साचलं की कंदकुज लागते. म्हणून वाफा उंच आणि चर मोकळा ठेवायचा. कंद उघडा पडला की कंदमाशी तिथे अंडी घालते; म्हणून भरणी करून माती चढवायची. पानं हिरवीगार असताना खाली कूज सुरू झालेली असू शकते, हे समजल्यावर मी पानांकडे कमी आणि मातीकडे जास्त पाहू लागलो.

पण खरा गोंधळ उडाला तो फुलांनी. भादव्यात पानांच्या बेचक्यातून कणसासारखे दांडे वर आले. एकावर एक रचलेली फिकट हिरवी पानोळी, शेंड्याकडे पांढरी होत गेलेली, आणि प्रत्येक खोबणीत एक नाजूक पिवळं फूल. फुलाचं बोंड होतं, फुलाची शेंग होते, एवढं मला पक्कं ठाऊक. हळदीची फुलं मात्र काही न धरताच सुकून गेली. सगळ्या वावरात एक दाणा मिळाला नाही.

त्याचं कारण वाचलं आणि या पिकाकडे बघण्याची माझी नजर बदलली. हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात. बी धरायला लागणारी समान वाटणी तीन संचांची होत नाही. नदीपलीकडच्या अर्धापूरच्या केळीतही बी नसतं, ते याच कारणाने. म्हणजे माझ्या वाफ्यातला प्रत्येक गड्डा हा आधीच्या एखाद्या गड्ड्याचाच तुकडा, तो त्याआधीच्याचा. हे पीक वाऱ्याने पसरलं नाही, पाखरांनी नेलं नाही. कोणी तरी दर वर्षी निवडून ठेवलं म्हणून ते आहे.

पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर वस्ती करायला निघालेल्या दर्यावर्दींनी आपल्या होड्यांतून केळी आणि अळूच्या सोबतीने हळदीचे कंदही नेले. अशीच हळद हवाई बेटांपर्यंत पोचली. आमच्याकडे लावतात ती सेलम जात तमिळनाडूतल्या सेलमच्या नावाची. आणि विदर्भातच, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावने आपलं बेणं पिढ्यान्पिढ्या जपलं म्हणून त्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं.

पौषात पानं पिवळी पडू लागली. पऱ्हाटी अशी दिसली असती तर घरात चूल पेटली नसती; इथे ती पीक तयार झाल्याची खूण. पाला कापला, जमीन तापू दिली, मग खणणी. बाया बसून गड्डे फोडत होत्या: जेठे गड्डे वेगळे, बगल गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. हळकुंडं कुकरमध्ये वाफेवर शिजली. काडी टोचली की सहज आत जायला हवी. वाळून कडक झालेलं हळकुंड मोडताना खणकन वाजतं, तेव्हा ते पॉलिशच्या ड्रममध्ये टाकायचं. चार-पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक क्विंटल होते.

शिजलेली हळद परत उगवत नाही. बाजाराला जे गेलं ते तिथे संपलं. म्हणून शिजवणीच्या आधीच ठरवावं लागतं की काय विकायचं आणि काय राखायचं. पैशाची निकड असली की हात आखडतो, हे मी अनुभवलं. पण ज्या पिकाला बी नाही, त्याचं पुढचं वर्ष शेतकऱ्यानेच राखायचं असतं.

पन्नास ग्रॅमच्या वरचे, टणक, निरोगी जेठे गड्डे मी निवडले, मुळ्या काढल्या आणि झाडाखाली सावलीत ढीग लावून हळदीच्याच पाल्याने झाकले. गावातल्या एका तरुणाला येत्या मेमध्ये अर्ध्या एकरात हळद लावायची आहे. त्याच्यापुरते पाच क्विंटल मी जास्त ठेवले आहेत. बेणं न्यायला येईल तेव्हा तोही खूप प्रश्न विचारेल, आणि मला माहीत आहे तेवढं मी त्याला सांगेन.