दुपारपाळीची भाकरी

रात्री अकराला तवा ठेवायचा, ही आमच्या घरातली जुनी रीत. अण्णा नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात कोळशाच्या मिलवर होते. दुपारपाळी सुटून, सायकल लावून, हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत साडेअकरा होत. आई तोवर भाकरी थापत नसे. परातीत बाजरीचं पीठ, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि ती ओट्याला टेकून उभी. बाहेर सायकलचं स्टँड वाजलं की पहिला गोळा हातात. आधी करून डब्यात ठेवलेली भाकरी तिच्या लेखी शिळीच.

आई लग्न होऊन केंद्राच्या कॉलनीत आली ती 1979 साली. त्याच वर्षी इथला 210 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, पुढे आणखी दोन आले. त्याआधीचे दोन लहान संच आता कायमचे थांबलेत. तेव्हाची कॉलनी मात्र माणसांनी भरलेली होती: विदर्भातले, खानदेशातले, कोकणातले. प्रत्येक दारातून वेगळ्या फोडणीचा वास. आईने शेवभाजी शेजारणीकडून उचलली आणि तिला आमचा कांदा-खोबरं भाजून केलेला काळा मसाला दिला. ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक घरात होतं, खाकी कव्हर घातलेलं, पण ते सणावारी उघडायचं. रोजचा स्वयंपाक तिच्या हातात होता.

बॉयलरमध्ये कोळसा ढेकळांनी टाकत नाहीत, हे मला अण्णांनी सांगितलं. मालगाडीने आलेला कोळसा मिलमध्ये दळतात, पिठासारखा बारीक. मग हवेच्या झोताने तो भट्टीत फुंकायचा, त्या आचेवर पाण्याची वाफ आणि वाफेवर टर्बाइन. “मीपण दळणवालाच,” ते म्हणायचे. आई म्हणायची, “तुमच्या दळणावर कुणाचा दिवा लागतो ते तुम्हाला दिसत नाही. माझ्या दळणाची भाकरी कोण खातंय, ते मला समोर दिसतं.”

आणि राख. चैत्रात गच्चीवर कुरडया घालायच्या तर आई आधी चिमणीकडे बघायची. धूर कुठे झुकलाय त्यावरून वाळवण कुठल्या कोपऱ्यात, ते ठरे. वरून जुनी पातळ साडी. तरी एखाद्या वर्षी कुरडई तळली की दाताखाली बारीकशी कचकच लागायचीच.

मी तिचा मदतनीस होतो. शेंगोळी करायची असली की ती मला हाक मारी. हुलग्याचं पीठ, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, मीठ. घट्ट मळून तळहाताला तेल लावायचं, बोटाएवढी वळी करायची आणि टोकाला टोक चिकटवून कडं करायचं. “शेपटी नीट दाब रे, नाहीतर पाण्यात उलगडतं.” माझी कडी वाकडी व्हायची. ती ओळखून अण्णांच्या ताटात वाढायची आणि अण्णा पहिल्यांदा तीच खायचे.

सातवीत असताना एका मित्राने खिडकीतून मला पीठ मळताना पाहिलं. हसला, शाळेत सांगितलं. त्यानंतर मी स्वयंपाकघरात गेलो तो फक्त जेवायला. आईने का म्हणून विचारलं नाही. माझ्या वाटची शेंगोळीही तीच वळत राहिली, वीसेक वर्षांहून जास्त. कुणी रागावलं असतं तर सोपं गेलं असतं.

आई गेली त्याला चार वर्षं झाली. तेराव्यानंतर घरात सगळं शिजत होतं, शेंगोळी मात्र कुणी केली नाहीत. आम्ही कुणी तसं ठरवलं नव्हतं.

माझी बायको नर्स आहे. गेल्या पावसाळ्यात तिला दुपारपाळी लागली. दोन-तीन रात्री ती झाकून ठेवलेलं गार अन्न उभ्यानेच खाऊन झोपली. चौथ्या दिवशी मी नाशिकरोडवरून हुलग्याचं पीठ आणलं. रात्री दहाला वीज गेली. (विजेच्या गावात वीज जाणं, हा इथला जुना विनोद.) मेणबत्तीच्या उजेडात मी नि लेक कडी वळत बसलो. पहिली खेप पूर्ण उलगडली, पातेल्यात नुसतं पिठलं. घाई केली होती मी. पाणी खळखळ उकळू द्यायचं, एकेक सोडायचं, लगेच डाव घालायचा नाही. हे मला आठवलं नाही. दुसऱ्या खेपेला हातच थांबला. तळहातावरच्या तेलाला, त्या लसणाच्या वासाला सगळं ठाऊक होतं. पोर म्हणाली, “बाबा, तुम्ही गुणगुणताय.” मला पत्ताच नव्हता.

साडेअकराला फाटक वाजलं. मी तवा ठेवला. बायको हातपाय धुऊन बसली, वाडग्यात बघून काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, “मीठ कमी आहे हो.” आणि पुन्हा वाडगा पुढे केला. लेकीचं वाकडं कडं मी तिच्याच वाडग्यात वाढलं होतं.

परवा आमच्या जुन्या क्वार्टरवरून गेलो. दाराला कुलूप, आवारात गाजरगवत. स्वयंपाकघराच्या फुटक्या काचेतून आत पाहिलं. ओट्यामागच्या भिंतीवर, तवा असायचा तिथे, काळा गोल अजून आहे. कुणी रंग दिलेला नाही.

पुढच्या आठवड्यात बायकोची रात्रपाळी आहे. सकाळी साडेआठला घरी येते. हुलगे दळायला टाकलेत.