धुपदाळचे पाहुणे

बेळगावहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीने आम्ही घटप्रभा स्थानकावर उतरलो, तेव्हा उजाडले नव्हते. निपाणीकडचे आमचे एक शेतकरी स्नेही कॅमेरा घेऊन तेथे थांबले होते. पक्ष्यांची छायाचित्रे टिपण्याचा त्यांना भारी नाद!

जवळच धुपदाळच्या बंधाऱ्याने घटप्रभा नदीचे पाणी अडविले आहे. १९७४ साली हा परिसर पक्षी-अभयारण्य म्हणून घोषित झाला. विस्तार सुमारे ३० चौरस किलोमीटर. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे कांड्या करकोचे हिवाळ्यात येथे उतरतात. रात्री ते उथळ पाण्यात उभे राहून विसावतात, दिवसा शेतांत दाणे टिपतात.

तांबडे फुटले. थवा दूर उभा होता.

“आणखी वीस पावले पुढे जाऊ या का?” आम्ही विचारले.

स्नेह्यांनी मान हलविली. “नको, फादर. एके वर्षी त्याच हावेपायी मी सारा थवा उडविला. एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या पाहुण्याची झोपमोड केली, याची अजून लाज वाटते.”

ऊन चढताच पक्षी आपणहून उडाले. छायाचित्र लहानसेच आले. वाचकहो, ते आता आमच्या मेजावर आहे. त्यातील पाहुण्यांपेक्षा ती न टाकलेली वीस पावलेच आम्हांस अधिक आठवतात.